फुलं विषम हवीत

बिश्केकहून खोकी उतरतात पहाटे तीनला.
नऊ मेला एवढी लाल कार्नेशनं,
आणि बादलीतलं पाणी इतकं गार
की मोजता मोजता बोटं आपली राहत नाहीत.

काराकोलच्या बाजारात मी फुलं विकतो.
गिऱ्हाईक आलं की एकच विचारतो :
जिवंताला की मेलेल्याला?
जिवंताला विषम. तीन, पाच, सात.
मेलेल्याला सम.
नोटा बदलल्या, रस्त्यांची नावं बदलली,
झेंडा तर माझ्या डोळ्यांदेखत बदलला,
हा हिशेब पोरंसोरंही चुकत नाहीत.

जिपार-आपा पहिली यायची.
डोक्याला पांढरा रुमाल, मुठीत सुटे पैसे,
घरूनच मोजून आणलेले, घामाने चिकटलेले.
"पाच दे."
पहिल्या वर्षी मी म्हटलं, आपा,
स्मारकाला ना? मग सहा घ्या.
ती म्हणाली, तुला कुणी सांगितलं तो मेला म्हणून?

बाप तिचा, तोकोबाय. बेचाळीसच्या उन्हाळ्यात
धक्क्यावरून बोटीत चढला,
तळ्यापलीकडे गेला. ही तेव्हा पोटात.
इतरांच्या घरी काळा कागद आला,
रडणं झालं, घोडं कापलं, जेवणं उठली.
हिच्या घरी आलेला कागद काळा नव्हता :
'ठावठिकाणा लागत नाही.'
आता तेवढ्या तीन शब्दांवर
कोण घोडं कापणार?

मेलेल्यांसाठी इथे तेल तापवतात,
बोरसोक तळतात. वास वर जातो,
ते वासावर पोट भरतात म्हणे.
हिने आईसाठी तळले, नवऱ्यासाठी तळले,
सासूसाठीसुद्धा, कुरकुरत.
बापासाठी कढई चढवली नाही.
स्मारकावर त्याचं नाव आहे,
दर मे महिन्यात त्यात सोनेरी रंग भरतात.
ती तिकडे फिरकायचीच नाही.
पाच फुलं घेऊन जुन्या धक्क्यावर,
जिथे आता बोट लागत नाही,
गंजक्या क्रेनच्या सावलीत बसून राहायची.
हे तळं कितीही थंडी पडो, गोठत नाही.
वाट बघायला बरं.

यंदा नातू आला. एरमेक.
उंच, ओशाळा, हातात फोन.
मी सवयीने पाच काढली.
म्हणाला, आपा फेब्रुवारीत गेली.
कबरीवर न्यायचीत. आणि धक्क्यावरही,
तसं तिने बजावलंय.
जरा थांबून म्हणाला,
तिकडे किती, ते नाही बोलली.

पाच माझ्या हातातच होती. पाणी गळत होतं.
जन्मसालावरून तोकोबाय आज
एकशे सहा वर्षांचा.
माणूस इतका जगत नाही, हे मलाही कळतं.
पण ज्याने ते ठरवायचं,
ती आता तिकडे मातीत,
आणि इथे उभे कोण,
तर एक फुलवाला आणि एक पोरगा,
ज्याच्या खिशात नऊ फुलांचे पैसे.

"चार तिला," मी म्हटलं. "पाच त्याला."
"पण आता वाट कोण बघतंय?"
मी वर्तमानपत्र फाडलं,
दोन जुड्या वेगवेगळ्या बांधल्या.
जिपार-आपाला पहिल्यांदाच सम संख्या देत होतो.
दोऱ्याची गाठ दोनदा सुटली.

मग चौकातला भोंगा खरखरला,
बँडवाल्यांनी सूर लावून पाहिले,
आणि केसांत पांढऱ्या फिती बांधलेली बेगायम
धावत आली, शाळेकडून, सूयुंबाय आजोबांसाठी.
मंचावर मागल्या वर्षी दोन खुर्च्या होत्या.
मी तोंड उघडायच्या आत ओरडली, "पाच!"

मी मोजून दिली.
एकाची मान मोडलेली दिसली, ते बदललं.
पुन्हा मोजली.